खिशातला तोतया

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. माझे एक जुने रुग्ण, निवृत्त शिक्षक, संध्याकाळी दवाखान्यात आले. अनेक वर्षे आटोक्यात असलेला रक्तदाब त्या दिवशी १९०/११० भरला. तीन रात्री झोप नव्हती. बोलणे तुटक, आणि हात सारखा सदऱ्याच्या खिशाकडे जात होता. "घरी काही काळजी?" असे मी विचारले. त्यांनी नुसती मान हलविली. मी गोळीची मात्रा वाढविली, झोपेचे औषध लिहून दिले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलाविले.

आठ दिवसांनी त्यांच्या मुलीकडून खरी हकीकत समजली. सरांच्या खिशातील भ्रमणध्वनी त्या वेळी चालू होता आणि स्वतःस पोलीस अधिकारी म्हणविणारा एक इसम आमचे बोलणे ऐकत होता. तुमच्या आधार कार्डाचा गैरवापर झाला आहे, अटक टाळायची असेल तर फोन बंद करू नका, घरात कोणाला सांगू नका, असा त्याचा हुकूम होता. डॉक्टरकडे जाण्याची 'परवानगी'ही त्यानेच दिली होती. सरांची आयुष्यभराची पुंजी गेली. रोगाचे कारण माझ्यापासून हातभर अंतरावर होते आणि मी लक्षणांवर उपचार करीत बसलो.

तोतया हा आपल्याला नवा नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन एक तोतया उभा राहिला. १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. भाऊ परत यावेत ही लोकांची आशा हेच त्याचे भांडवल होते. आजच्या तोतयाचे भांडवल आहे भीती. "पुढे खून झाला आहे, दागिने काढून रुमालात बांधा," असे सांगून वृद्ध स्त्रियांना लुबाडणारे तोतया पोलीस आपण ऐकून आहोत. १९ मार्च १९८७ रोजी मुंबईत ऑपेरा हाऊसजवळील एका सराफी पेढीवर केंद्रीय अन्वेषण विभागाच्या नावाने बनावट धाड पडली. सोबतची माणसे वर्तमानपत्रात जाहिरात देऊन जमविलेली होती व ती बिचारी ही खरीच नोकरी समजत होती. म्होरक्या पुढे सापडलाच नाही. आता तर तोतयाला उंबरठाही ओलांडावा लागत नाही.

"शिकलेली माणसे फसतात कशी?" असे आपण सहज म्हणतो. २०२४ साली लखनौ येथील एका डॉक्टर भगिनीने याच प्रकारात पावणेतीन कोटींहून अधिक रक्कम गमावली. माझ्या मते येथे प्रश्न शिक्षणाचा नाही. ज्याने जन्मभर कायदा पाळला, त्यालाच नावाला बट्टा लागण्याची धास्ती अधिक. आपल्या पांढऱ्या कोटावर विसंबून अनोळखी रुग्ण देह आपल्या हाती सोपवितो. खाकी गणवेशावरही समाजाचा तसाच भरवसा असतो. तोतया पैशाआधी हा भरवसा चोरतो. बोगस डॉक्टरविरुद्ध आपण आवाज उठवितो, मग याविरुद्ध का नाही?

कायदा येथे स्पष्ट आहे. जुन्या दंडसंहितेच्या कलम १७० मध्ये लोकसेवकाच्या तोतयेगिरीस दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ नुसार किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंड आहे. अधिकारपदाचे सोंग घेऊन काही कृत्य करण्याचा नुसता प्रयत्नही गुन्हाच होय. म्हणून "पैसे वाचले ना, मग तक्रार कशाला?" हा विचार चुकीचा आहे. फोनवरून अटक हा प्रकार तर कायद्यात नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात घालून दिलेल्या नियमांनुसार अटकेचा पंचनामा साक्षीदारासमोर व्हावा आणि आप्तांना कळविले जावे. खरा पोलीस घरच्यांना कळविण्यास बांधलेला आहे; तोतया नेमके तेच करू देत नाही. गुप्ततेचा हुकूम हीच त्याची ओळख.

वैद्यकमित्रांनो, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची मुले बहुधा परगावी असतात. ज्याच्याशी ते दाराआड बोलू शकतात, असे आपणच उरतो. एकाएकी वाढलेला रक्तदाब, उडालेली झोप, फोनवर खिळलेले लक्ष दिसले, तर फोन बाहेर ठेवावयास सांगून विचारावे, "कोणी पोलीस म्हणवून धमकावीत आहे काय?" उत्तर होकारार्थी असेल, तर तेथूनच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर कमी, तितकी रक्कम गोठविली जाण्याची आशा अधिक.

सर अजून समाजाच्या कार्यक्रमांना येत नाहीत. चोरी त्यांची झाली आणि तोंड लपविण्याची पाळीही त्यांच्यावरच आली. ते येतील तेव्हा "तुम्ही इतके कसे फसलात?" असे कोणी विचारू नये, एवढीच विनंती. तो प्रश्न विचारायचाच असेल, तर आधी मला विचारावा.