बोलेल त्याचेच गुण?

आपल्या सीमाभागातील पालक मुलामुलींना अभियांत्रिकी महाविद्यालयात घालावयाचे ठरवितात, तेव्हा प्रवेशपरीक्षेतील क्रमांक, शुल्क, वसतिगृह या साऱ्या गोष्टींची कसून चौकशी करतात. निपाणीकडील मुले कोल्हापूर-सांगलीस जावोत की बेळगावास येवोत, ही चौकशी ठरलेली. परंतु तेथील वर्गात आपल्या मुलाला तोंड उघडता येईल काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक आता त्या तोंड उघडण्यालाही गुण असतात.

१९९८ साली स्थापन झालेले विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आपल्या बेळगावातच आहे. त्याच्या २०२२ च्या अभ्यासयोजनेत सामान्यतः प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ५० गुण सत्रभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनास दिलेले आहेत. चर्चासत्र व प्रकल्प यांत तर लेखी अहवाल, सादरीकरण आणि प्रश्नोत्तरे यांना ५०, २५ व २५ असे प्रमाण लावण्याची पद्धत आहे. म्हणजे निम्मा भार बोलण्यावर! अनेक ठिकाणी शिक्षक दैनंदिन तासातील सहभागासही काही गुण राखून ठेवतात. हे योग्य आहे काय, आणि योग्य असल्यास ते गुण कशाला द्यावेत, याचा विचार आपण शाळेतच केलेला बरा.

सहभागाला महत्त्व असावे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. अभियंत्याचे काम एकट्याने कोंडून घेऊन करावयाचे नसते. पूल असो, कालवा असो की यंत्र असो, ते अनेकांच्या हातून घडते. आणि एकाची शंका त्याच्या मनातच राहिली, तर तिची किंमत सर्वांना मोजावी लागते. १९९९ साली मंगळाकडे गेलेले अमेरिकेचे एक यान असेच नष्ट झाले. एका गटाने आकडे पौंडाच्या मापात दिले, दुसऱ्याने ते न्यूटनच्या मापात समजून घेतले. एकके लिहा, एकके लिहा, असे तुमचे विज्ञानशिक्षक का बजावतात, ते यावरून ध्यानात यावे! परंतु चौकशी समितीने केवळ एककांना दोष दिला नाही. निरनिराळ्या गटांत पुरेसे बोलणे झाले नाही, हेही एक कारण म्हणून नोंदविले. २०१४ साली भारत ज्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, त्यातही अभियंत्याच्या अंगी असावयाच्या गुणांत संवाद आणि सहकार्य यांचा समावेश आहे.

येथवर सारे ठीक. अडचण पुढेच आहे. आपला विद्यार्थी दहावीपर्यंत वेग, त्वरण, रोध, विद्युतधारा हे शब्द शिकतो. त्यांचा अर्थ त्याला पक्का ठाऊक असतो. पुढे इंग्रजी माध्यमाच्या वर्गात तेच अर्थ परक्या नावांनी समोर येतात. शिक्षकांनी प्रश्न विचारला की त्याच्या मनात उत्तर मराठीत तयार होते; ते इंग्रजीत उतरेपर्यंत पुढच्या बाकावरील कोणी तरी बोलून मोकळा झालेला असतो. माझ्या घरची भाषा कोंकणी, शिक्षण मराठीत व पुढे इंग्रजीत झाले. एका भाषेतून दुसरीत जाताना विचार आधी पोहोचतो आणि शब्द मागाहून येतो, हा अनुभव आपल्या भागातील पुष्कळांना आहे. अशा विद्यार्थ्याचे मौन हे अज्ञान नव्हे. त्याला शून्य गुण देणारा शिक्षक त्याची अभियांत्रिकी मोजीत नसून त्याची शाळा मोजीत असतो.

‘बोलेल त्याची बोरे विकली जातील’ अशी आपल्याकडे म्हण आहे. बाजारात ती खरी असेल; परंतु वर्ग हा बाजार नव्हे. तेथे बोरे गोड आहेत की आंबट, हे पाहणे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

मग असे गुण मुळी काढूनच टाकावेत, असे काही जण म्हणतील. मला ते पटत नाही. गुण नसले की वर्गात तेच चौघे बोलतात आणि उरलेले छप्पन्न वही उतरून काढतात. गुण ठेवावेत, पण माप बदलावे. अमेरिकेतील हार्वर्ड येथील व्यवसाय-व्यवस्थापनाच्या विद्यालयात अनेक विषयांत निम्म्यापर्यंत गुण वर्गातील सहभागास असतात; परंतु तेथे चर्चेचे प्रकरण विद्यार्थ्यांच्या हाती आधीच दिलेले असते, आणि ते वाचूनच वर्गात यावयाचे असते. तेथे तयारीला किंमत आहे, हे विसरता कामा नये.

माझ्या मते गुण कशास मिळणार, हे पहिल्याच दिवशी सांगावे. हात वर करून विचारलेली शंका आणि चिठ्ठीवर लिहून दिलेली शंका यांचे मोल सारखे धरावे. प्रश्न विचारल्यावर दोन मिनिटे शेजाऱ्याशी, हव्या त्या भाषेत, विचारविनिमय करू द्यावा आणि मग उत्तर घ्यावे. चुकीच्या उत्तराचे गुण कापू नयेत. नाही तर चुकण्यापेक्षा गप्प बसणेच शहाणपणाचे ठरेल. सत्र संपताना आठवेल तसे गुण देण्याऐवजी दर तासाला नोंद ठेवावी. साठ जणांच्या वर्गात हे कसे जमावे? प्रत्येक तासाला तिघांची पाळी लावली, तर चाळीस तासांत १२० पाळ्या होतात. म्हणजे प्रत्येकास दोनदा संधी मिळते. आणि या सर्वांस पन्नासांपैकी पाच गुण पुरेत. उत्तेजन देण्यास तेवढे पुष्कळ आहेत, आणि कोणाचे वर्ष बुडावे इतके ते जड नाहीत.

महाविद्यालयांनी काय करावे हे सांगितले. पण आपलेही काही कर्तव्य आहेच. प्रश्न विचारण्याची सवय अठराव्या वर्षी एकाएकी लागत नाही. घरात मोठी माणसे बोलत असता मूल ‘का?’ म्हणून विचारते आणि आपण त्यास ‘गप्प बैस’ म्हणतो. पुढे तेच मूल वर्गात गप्प बसले, तर दोष कोणाचा? आई-वडिलांनी रोज संध्याकाळी ‘आज किती गुण मिळाले?’ याबरोबरच ‘आज काय विचारलेस?’ असेही विचारून पाहावे.

विद्यार्थिमित्रहो, ज्यांचे नाव बेळगावच्या विद्यापीठास दिले आहे, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूर प्रांतातील तेलुगूभाषक घरात जन्मले आणि अभियांत्रिकी शिकले ते पुण्यास. पुढे १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी योजिलेले स्वयंचलित दरवाजे बसविण्यात आले. मुलूख आणि भाषा ओलांडून जाणारे तुम्हीच पहिले नव्हे. आमच्या वर्गांत मराठी, कोंकणी, कन्नड, उर्दू अशा अनेक घरांतून मुले येतात. तेव्हा आजच आपल्या मराठीत, मोडकीतोडकी का होईना, एक शंका दररोज विचारीत जा. विचारण्याचे धैर्य एकदा अंगी आले, म्हणजे इंग्रजी शब्द मागाहून शिकता येतील. तुम्ही चुकलात म्हणून हसणारा कोणी वर्गात निघालाच, तर त्याला आवरणे हे आम्हा शिक्षकांचे काम आहे.