जुनी काठी द्या, नवी घ्या : नफा-तोट्याच्या तासाला एक वेगळं उदाहरण



नफा-तोटा शिकवताना आपण वर्षानुवर्षं आंबे, वह्या आणि खुर्च्या विकत आलो आहोत. दुकानदार खुर्ची घेतो, विकतो, गणित संपतं. पण मुलं घरात जे व्यवहार बघतात ते इतके सरळ नसतात. जुना मोबाईल द्या, नवा न्या. जुना फ्रीज द्या, नवा न्या. यात विक्री आणि खरेदी एकाच पावतीवर होते आणि तिथे भले भले गडबडतात. हा ‘एक्स्चेंज’ वर्गात शिकवायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी उदाहरण सुचवते ते जरा लांबचं आहे : गोल्फच्या जुन्या काठ्या.

लांबचं मुद्दामच. मोबाईल म्हटलं की वर्ग ‘कोणता भारी’ यातच अडकतो. गोल्फमध्ये मुलांचा जीव गुंतलेला नसतो, त्यामुळे हिशोब उघडा दिसतो. ओळख अगदीच नाही असंही नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक थोडक्यात हुकलं, ती चौथी आली, तेव्हा अख्खा देश सकाळी सकाळी गोल्फ बघत होता. त्याच स्पर्धेत पुण्याचे उदयन मानेही खेळले होते.

आधी शब्द सांगून टाका. इथे ‘क्लब’ म्हणजे मंडळ नव्हे, काठी. आणि ‘ड्रायव्हर’ म्हणजे चेंडू सगळ्यात लांब मारायची मोठ्या डोक्याची काठी. (वर्ग हसेल. हसू द्या.) नियमाप्रमाणे खेळाडूला फेरीत जास्तीत जास्त 14 काठ्या ठेवता येतात. म्हणजे पंधरावी आली की एक बाहेर जाणार. ती बाहेर पडलेली काठी कोपऱ्यात धूळ खाते, म्हणून अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये ती दुकानात देऊन नव्या काठीच्या किमतीतून वजा करून घ्यायची पद्धत रुळली आहे.

आता फळ्यावर हे लिहा. आकडे मी सोयीसाठी धरलेत. दुकान ‘अ’ : नवा ड्रायव्हर 500 डॉलर, जुन्याचे 150 देणार. दुकान ‘ब’ : तोच ड्रायव्हर 430 डॉलर, जुन्याचे फक्त 90. कुठे जाल? बरीच मुलं ‘अ’ म्हणतील, कारण 150 हा आकडा डोळ्यांत भरतो. वजाबाकी करायला लावा. ‘अ’कडे खिशातून 350 जातात, ‘ब’कडे 340. जुन्याला जास्त भाव देणारं दुकान महाग पडलं! मग तिसरी ओळ लिहा : जुनी काठी स्वतःच एखाद्या खेळाडूला 180 ला विकली आणि नवी ‘ब’मधून घेतली तर? 250. एकाच वस्तूसाठी तीन उत्तरं. दोन व्यवहार सुटे करून मांडायचे, एवढंच मुलांनी करायचं आहे.

इथे आपल्याकडची बोहारीण आठवल्याशिवाय राहत नाही. आजी दारात बसून जुन्या साड्यांवर स्टीलचा डबा घ्यायची. बोहारीण साडी उजेडात धरून विरली आहे का बघायची, “एवढ्यात काय येतंय ताई, अजून एक पँट टाका” म्हणायची. आजी डबा वाजवून बघायची, झाकण बसतंय का ते तपासायची. दोघींनी दोन्ही वस्तू पारखलेल्या असत. दुकानात पारख एकाच बाजूने होते. काठीच्या डोक्यावर पोचा आहे का, दांडा सरळ आहे का, मूठ झिजली आहे का, हे दुकानदार बघतो आणि भाव सांगतो. बरं, हा भाव पुष्कळदा रोख मिळत नाही, दुकानातल्या उधारखात्यावर जमा होतो. रोख मागितली तर आकडा बहुधा खाली येतो. ‘150 डॉलर’ आणि ‘याच दुकानात खर्च करायचे 150 डॉलर’ एकसारखे आहेत का, हा प्रश्न आठवीच्या वर्गात अख्खा तास पुरेल.

पण खरा प्रश्न पुढचा आहे, आणि तो पालकांसाठी जास्त. नवी काठी घ्यायचीच कशाला? जाहिरात म्हणते, चेंडू आणखी लांब जाईल. पण गोल्फचे नियम करणाऱ्या दोन संस्था आहेत, अमेरिकेतली यूएसजीए आणि स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची आर अँड ए. ड्रायव्हरच्या पत्र्याने चेंडू किती उसळवावा, यावर त्यांनी मर्यादा घातली आहे. डोक्याचा आकारही 2004 पासून 460 घनसेंटीमीटरच्या वर नेता येत नाही. (अर्ध्या लिटरच्या बाटलीपेक्षा थोडं कमी, घनफळाचा धडा इथेच जोडून घ्या.) बरीच वर्षं चांगले ड्रायव्हर या मर्यादेला टेकलेलेच आहेत. बाजूला बसलेला फटका थोडा सावरून घेणं वगैरे सुधारणा होतात, नाही असं नाही. पण नवं मॉडेल आलं की जुन्याचा भाव जितका कोसळतो, तितकी जुनी काठी काही बिघडलेली नसते. किंमत पडणं वेगळं, उपयोग संपणं वेगळं. हा फरक मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

उलटही बघा. वेज नावाची काठी वाळूत, गवतात मारून मारून खरोखर झिजते. तिच्या तोंडावरच्या खाचा बोथट झाल्या की चेंडूला हवी तशी फिरकी मिळत नाही. जी खरोखर बदलायला हवी, तिच्या जुन्या काठीला दुकानदार जेमतेम भाव देतो.

लहान मुलांच्या काठ्यांचं मात्र गणित निराळं. अमेरिकेत हायस्कूलच्या संघातही गोल्फ असतो आणि तिथल्या काही मराठी घरांतली मुलं खूप आधीपासून खेळू लागतात. मुलांच्या काठ्या उंचीवर बेतलेल्या असतात. एक कंपनी तर उंचीच्या दर 3 इंचांना वेगळं माप काढते. मूल वाढलं की काठी आखूड पडणारच, तिथे बदलण्यात उधळपट्टी अजिबात नाही. अशा वेळी एक्स्चेंज जरूर करा, पण दुकानात जाण्याआधी धाकट्या मावसभावाची उंची मोजून बघा.

आपल्याकडे सायकलचं आणि क्रिकेटच्या बॅटचं हेच होतं. म्हणून गोल्फचं गणित झालं की गृहपाठ असा द्या : घरात गेल्या वर्षभरात कोणती वस्तू एक्स्चेंजमध्ये गेली, तिचे किती मिळाले, तीच बाहेर विकली असती तर किती मिळाले असते, आणि ती खरंच बिघडली होती का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आईबाबांना विचारूनच लिहायचं.