सव्वादोन मीटरचा शेला

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीत श्रीगणेश मंदिर संस्थानने १९९९ मध्ये सुरू केली, आणि आता ठाण्यात कौपिनेश्वरापाशी त्या सकाळी लेझीम खेळणाऱ्यांची गर्दी उसळते. खोपटच्या सोसायट्यांतल्या लेझीम शिकणाऱ्या मुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: कमरेचा शेला विकत आणू नका, घरी शिवा. बाजारात बहुधा साटीनचा मिळतो, दिसतोही झकास, पण गुळगुळीत असल्यामुळे चार वेळा वाकलं की गाठ सरकते. गाठ धरावी ती सुतीनेच. जांभळी नाक्यावरून ४४ इंच पन्ह्याचं सुती कापड सव्वादोन मीटर आणलं, तर उभ्या धाग्यात १३ इंचांच्या तीन पट्ट्या निघतात, म्हणजे तिघींचे शेले. उरेब कापू नका, पट्टी ताणली जाऊन वेडीवाकडी होते. कापण्याआधी कापड भिजवून वाळवायलाच हवं. सूत आटतं, आणि कापड लाल असेल तर त्याचा रंग घामाने पांढऱ्या कुर्त्यावर उतरला की निघता निघत नाही. मग सुलट बाजू आत ठेवून पट्टी लांबीत दुमडायची, अर्धा इंच माया सोडून टीप मारायची, टोकं तिरकी शिवायची आणि मधे वीतभर जागा उघडी ठेवायची. कोपऱ्यांवरचं जादा कापड छाटून, उघड्या जागेतून पट्टी उलटवून इस्त्री फिरवली की सहा इंच रुंदीचा शेला तयार. उघडी जागा हातशिलाईने बंद करायची. मशीन नसेल तर सगळी टीप हातानेही घालता येते, फक्त टाके बारीक हवेत.