घरातलं विज्ञान : पोपडे काढा, पण भिजवून!



दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगकाम निघतं. जुन्या दाराखिडक्यांवरच्या ऑइलपेंटला पोपडे आलेले असतात. ते नखानं उपटायला काय मज्जा येते, नाही? हिरवा उपटला की खालून निळा, निळ्याच्या खाली तांबडा! पण थांबा. त्या जुन्या थरांत एक चोर लपलेला असू शकतो. त्याचं नाव शिसं.

रंग लवकर वाळावा, जास्त टिकावा म्हणून पूर्वी त्यात शिशाची संयुगं घालत. पांढरा सफेता शिशाचा आणि तांबडा शेंदूरही शिशाचाच. (तुमच्या शिसपेन्सिलीत मात्र शिसं नसतं बरं का! तिच्यात असतं ग्रॅफाइट.)

हा चोर पकडला गेला तो ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात. तिथली घरं लाकडी फळ्यांची, व्हरांड्यांना रंगवलेले कठडे. तिथल्या काही मुलांची नजर अधू व्हायची, हातपाय लुळे पडायचे. लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९०४ साली कारण सांगितलं. उन्हानं रंगाची भुकटी होते, ती मुलांच्या बोटांना लागते आणि बोटं जातात तोंडात!

शिसं मेंदूला इजा करतं आणि हाडांत साठून राहतं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं लहान मुलाचं शरीर शोषून घेतं. म्हणूनच आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून, दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं असलेले घरगुती रंग बनवायला बंदी आहे. पण दारावरचे त्याआधीचे थर कुठे जाणार? आणि नुसतं बघून शिसं ओळखता येत नाही. तेव्हा जुना रंग म्हणजे शिशाचा, असंच धरून चाला.

मग पोपडे काढायचे कसे? हे काम मोठ्यांचं. आईबाबांना पुढचं वाचून दाखवा.

१. खोलीतलं सामान, खेळणी, अन्न बाहेर न्या. मुलं आणि गरोदर ताई-मावशी यांनी तिकडे फिरकायचं नाही.

२. पंखा बंद करा. जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरा.

३. पोपड्यांवर पाणी फवारा आणि लोखंडी पट्टीनं ओले पोपडे खरवडा. कडा घासायला वॉटर पेपर वापरा, तोही ओलाच. विजेची बटणं जवळ असतील तर मेन स्विच बंद करा.

४. कोरडा काचकागद आणि घासायचं मशीन नको, त्यानं धूळ उडते. रंग जाळायचा दिवाही नको, त्यानं शिशाची वाफ होते.

५. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. बारीक धूळ अडवणारा एन-९५ मास्क हवा.

६. शेवटी झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. पोपडे जाड पिशवीत घट्ट बांधून टाका. काम करणाऱ्यानं आंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत.

जिथं रंग घट्ट बसलेला आहे, तिथं तो उगाच खरवडू नका. वरून नवा हात दिला की झालं. आणि जुन्या रंगवलेल्या चौकटीचं लाकूड पाण्याच्या बंबात किंवा होळीत घालू नका. लाकडाची राख होईल, पण शिसं तसंच राहील!

रंगारीकाका तर हे काम रोज करतात. त्यांच्या घरीही तुमच्याएवढी मुलं असतील आणि अंगावरची धूळ त्यांच्यासोबत घरी जाते. पाण्याची बादली आणि मास्क त्यांनाही आठवणीनं द्यायला सांगा.

तुमच्याकडे दोन कामं. जेवणाआधी हात साबणानं धुवायचे. आणि घरातल्या रांगणाऱ्या बाळानं पोपडा तोंडात घातलेला दिसला, तर लगेच मोठ्यांना सांगायचं. रक्त तपासून डॉक्टरांना शिसं किती आहे ते कळतं.

आता उठा आणि घरातल्या दाराखिडक्यांवर कुठे कुठे पोपडे आलेत, त्याची यादी करा. फक्त डोळ्यांनी हं, नखानं नाही!