खोट्या शिकवणीची पारख : सिटी हार्वेस्ट खटल्याचा धडा

मार्च २०१० मध्ये सिंगापुरातील सिटी हार्वेस्ट चर्चने सनटेक अधिवेशन केंद्राच्या मालकीत भागीदार होण्यासाठी ३१ कोटी सिंगापूर डॉलरची योजना जाहीर केली. त्याच वर्षी ३१ मे रोजी व्यावसायिक गुन्हे अन्वेषण विभागाने या मंडळीच्या व्यवहारांची चौकशी सुरू केली. ऑक्टोबर २०१५ मध्ये संस्थापक पाळक काँग ही यांच्यासह सहा जण दोषी ठरले. सिंगापुरातील धर्मादाय निधीच्या गैरवापराचे हे सर्वांत मोठे प्रकरण मानले जाते. खटला पैशाचा होता. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे : खरा शिक्षक आणि खोटा शिक्षक यांतील भेद सामान्य श्रद्धावंताने ओळखायचा कसा?

काँग ही यांनी १९८९ मध्ये ही मंडळी स्थापन केली आणि दोन दशकांत तिची सभासदसंख्या वीस हजारांच्या पुढे गेली. श्रद्धा ठेवावी, मुक्तहस्ताने द्यावे, देव ऐहिक भरभराटही देतो, हा तेथील उपदेशाचा एक ठळक सूर होता. जगभर ‘समृद्धीचे शुभवर्तमान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विचाराला वेगाने संपन्न झालेल्या शहरातील तरुण मध्यमवर्ग सहज आकृष्ट झाला, यात नवल नाही. २००२ मध्ये ‘क्रॉसओव्हर’ हा उपक्रम सुरू झाला. पाळकांच्या पत्नी, गायिका सन हो, यांच्या लौकिक संगीताद्वारे चर्चमध्ये न येणाऱ्यांपर्यंत पोहोचणे, हा त्याचा घोषित हेतू होता.

न्यायालयात सिद्ध झाले ते असे. इमारत निधीतील २ कोटी ४० लाख डॉलर दोन कंपन्यांच्या रोख्यांत ‘गुंतवले’ गेले. ती गुंतवणूक नावापुरती होती. पैसा प्रत्यक्षात गायनाच्या कारकिर्दीकडे वळला. लेखापरीक्षकांनी शंका उपस्थित केल्यावर ते रोखे फेडल्याचा देखावा उभा करण्यासाठी आणखी सुमारे २ कोटी ६० लाख डॉलर फिरवले गेले. काँग ही यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती साडेतीन वर्षांवर आणली, कारण बहुमताने दिलेल्या निकालानुसार दंडविधानातील अधिक कठोर कलम धर्मादाय संस्थेच्या संचालकांना लागू होत नव्हते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने हाच अर्थ कायम केला आणि पुढे संसदेने कायद्यातील ती उणीव दूर केली.

परदेशस्थ व्यावसायिकांनी या प्रकरणातील दोन गोष्टी विशेष लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की दोषींमध्ये हिशेब आणि गुंतवणूक यांची उत्तम जाण असलेली माणसे होती. शिक्षण हे भोळेपणावरचे औषध आहे, हा आपला आवडता समज येथे टिकत नाही. उलट, तज्ज्ञाची बुद्धी एकदा निष्ठेच्या सेवेत रुजू झाली की ती शंका घेण्याऐवजी शंका बुजवण्याची साधने तयार करते. दुसरी गोष्ट अशी की मंडळीच्या पैशातून गायिकेची प्रसिद्धी होत आहे, असा आरोप एका सभासदाने २००३ च्या आरंभीच जाहीरपणे केला होता. त्याला तो मागे घ्यावा लागला आणि वृत्तपत्रांतून माफी मागावी लागली. अधिकृत चौकशीस आणखी सात वर्षे लागली.

येथे एक अवघड वस्तुस्थिती मान्य केली पाहिजे. आरोपींनी हा पैसा स्वतःच्या खिशात घातला, असा ठपका न्यायालयाने ठेवला नाही. आपण देवाचेच कार्य करीत आहोत, अशी त्यांची भावना असणे अशक्य नाही. समृद्धीची शिकवण खरी की खोटी, याचा निवाडाही न्यायालयाने केला नाही. तो त्याचा विषयच नव्हता. कायदा विश्वासभंग पाहतो, शिकवण पाहत नाही. म्हणूनच ‘सरकार बघून घेईल’ असे म्हणून श्रद्धावंताला आपली जबाबदारी टाळता येत नाही.

ख्रिस्ती परंपरेने ही जबाबदारी आरंभापासून मंडळीवरच टाकली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू मेंढरांच्या वेषातील लांडग्यांविषयी सावध करतो आणि त्यांना फळांवरून ओळखण्यास सांगतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात बिरुया येथील लोकांची प्रशंसा होते, ती त्यांनी पौलाचे म्हणणेसुद्धा शास्त्र पडताळून पाहिले म्हणून. ‘डिडाखे’ हा अतिप्राचीन ख्रिस्ती ग्रंथ तर आश्चर्यकारकरीत्या व्यावहारिक आहे. फिरता प्रेषित तीन दिवस राहिला किंवा त्याने निघताना पैसे मागितले, तर तो खोटा संदेष्टा समजावा, असे तो सांगतो. या कसोट्या वक्तृत्वाच्या किंवा चमत्कारांच्या नाहीत. त्या वर्तनाच्या आहेत.

मराठी ख्रिस्ती इतिहासातही हा बाणा दिसतो. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या आज्ञेत जाण्यास त्यांनी नकार दिला. आपल्या हितचिंतक भगिनींशी आणि चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांनी पत्रांतून निर्भीड वाद घातला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, १९१७ मध्ये, मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा मार्ग धरला. दोघांनीही श्रद्धा सोडली नाही, आणि विवेकही गहाण टाकला नाही. हिंदू परंपरेत समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूची लक्षणे सांगितली, ती गुरू पारखूनच करावा याच जाणिवेने.

मग आजची पारख कशी करावी? हिशेब मागणाऱ्याला उत्तर मिळते की त्याच्या श्रद्धेवर संशय घेतला जातो, हे प्रथम पाहावे. निधी ज्या कारणासाठी गोळा झाला त्याच कारणासाठी खर्च होतो का, हे विचारावे. पाळकाचे कुटुंब आणि संस्थेचे ध्येय यांतील सीमा पुसट झाली आहे का, याकडे लक्ष द्यावे. दिलेले फळले तर श्रेय शिकवणीचे आणि न फळले तर दोष देणाऱ्याच्या अपुऱ्या श्रद्धेचा, असा युक्तिवाद ऐकू येताच सावध व्हावे. जी शिकवण कधी चुकूच शकत नाही, तिची परीक्षाही कधी होत नाही. सिंगापुरात नोंदणीकृत धर्मादाय संस्थांची आर्थिक माहिती शासनाच्या धर्मादाय संकेतस्थळावर पाहता येते. देणगीपूर्वी तिच्यावर दहा मिनिटे खर्च करणे हा अश्रद्धपणा नव्हे.

हा धडा एका पंथापुरता नाही. २००४ मध्ये याच शहरात एका कॅथलिक धर्मगुरूला ५० लाखांहून अधिक डॉलरच्या अपहाराबद्दल, आणि २००९ मध्ये रेन ची या बौद्ध वैद्यकीय संस्थेच्या प्रमुख भिक्खूला गैरव्यवहाराबद्दल तुरुंगवासाची शिक्षा झाली. परदेशात आलेली मराठी माणसे मंदिर, सत्संग, मंडळ किंवा चर्च यांत आपुलकी शोधतात. त्या आपुलकीपोटीच प्रश्न विचारणे जड जाते, आणि विचारणारा एकटा पडतो. म्हणून आपल्या संस्थेत असा एखादा सभासद उभा राहिला, तर निदान त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेण्याची शिस्त आपण अंगी बाणवली पाहिजे. २००३ साली ती पाळली गेली असती, तर एका मोठ्या मंडळीची पुढील पंधरा वर्षे कदाचित न्यायालयांच्या छायेत गेली नसती.