श्रम आणि भांडवल एकाच दिशेने का जातात?

अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठीच्या नव्या ‘एच-१बी’ अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले. त्यावरील चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने नोकऱ्यांपुरतीच राहिली. मूळ प्रश्न मात्र दोन देशांतील तंत्रज्ञानाच्या दरीचा आहे.

भांडवल जेथे दुर्मीळ, तेथे त्यावरील परतावा अधिक. म्हणून ते श्रीमंत देशांतून गरीब देशांत जावे, असे पाठ्यपुस्तके सांगतात. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट लुकास यांनी १९९० मध्ये या तर्काचा हिशेब मांडला. दोन्ही देशांची उत्पादनपद्धती समान मानली, तर भारतातील वाढीव भांडवलाची उत्पादकता अमेरिकेच्या ५८ पट निघते! प्रत्यक्षात भांडवलाचा असा लोंढा भारताकडे कधीच आला नाही. कारण मुळातील गृहीतकच चुकीचे आहे. प्रगत तंत्रज्ञान, कुशल मनुष्यबळ आणि विश्वासार्ह संस्था जेथे एकवटतात, तेथे भांडवल आणि श्रम या दोहोंचेही मोल वाढते. पुण्यातील अभियंता कॅलिफोर्नियात कित्येक पट कमावतो, तो एका रात्रीत अधिक हुशार झाल्यामुळे नव्हे.

या स्थलांतराचा लाभ आपल्यालाही होतो. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी पाठविलेल्या रकमेपैकी २७.७ टक्के अमेरिकेतून आली आणि राज्यांमध्ये सर्वाधिक, २०.५ टक्के वाटा महाराष्ट्राला मिळाला. तथापि, हा श्रमाचा मोबदला आहे. त्यातून तंत्रज्ञानाची मालकी येत नाही.

व्हिसाची वाट अरुंद झाली, की काम श्रमिकाकडे येते. बेंगळुरू, हैदराबाद, पुणे आदी शहरांत बहुराष्ट्रीय कंपन्यांची सतराशेहून अधिक केंद्रे उभी राहिली, ती काही अंशी यामुळेच. भांडवल आले, पण तेथे लागलेल्या शोधांचे हक्क बहुधा मूळ कंपनीकडेच राहतात.

दक्षिण कोरियाने १९६०च्या दशकात खाणकामगार आणि परिचारिका पश्चिम जर्मनीत पाठविल्या. आज तोच देश कारखान्यांसाठी परदेशी कामगार आणतो आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाच टक्के रक्कम संशोधनावर खर्च करतो. भारताचा हा खर्च २०२०-२१ मध्ये अवघा ०.६४ टक्के होता. वॉशिंग्टनच्या व्हिसा धोरणाची चिंता करताना दिल्लीने आणि येथील उद्योगांनी या आकड्याचीही चिंता करायला हवी. व्हिसाचे नियम आपल्या हाती नाहीत. हा आकडा मात्र आहे.