सिकलसेलवर 'जीन एडिटिंग' आलं, पण रिपोर्ट कोण वाचणार?

नोव्हेंबर २०२५ मध्ये 'बिरसा १०१'ची घोषणा झाली आणि आमच्या शहाद्याच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरला: 'सिकलसेल आता बरा होणार!' थांबा जरा. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने ही क्रिस्पर थेरपी बनवलीय, तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलंय. दवाखान्यात जाऊन घेता येईल असा उपचार तो अजून नाही.

आजार मुळात एका अक्षराच्या चुकीचा. हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये 'ए'च्या जागी 'टी' येतो, प्रोटीनमधला एक अमिनो आम्ल बदलतो आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. मी दिवसभर कोडमधल्या असल्याच चुका शोधतो, पण माझा बग कुणाला रात्रभर हाडांच्या दुखण्याने रडवत नाही. आपल्या नंदुरबारात, विशेषतः भिल्ल-पावरा वस्त्यांत, हे दुखणं घराघरांना माहीत आहे.

अमेरिकेत २०२३ ला मंजूर झालेल्या 'कॅसजेव्ही'ची किंमत २२ लाख डॉलर. म्हणून स्वदेशी थेरपीचं महत्त्व मोठंच. पण त्याआधी आजार नेमका ओळखायला हवा ना?

त्यासाठी एचपीएलसी मशीन असतं. रक्तातली हिमोग्लोबिनं एका नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, स्क्रीनवर प्रत्येकाचं शिखर दिसतं. फक्त 'एस'चं शिखर मोठं, 'ए' जवळपास नाही, तर रुग्ण. 'ए' जास्त आणि 'एस' कमी, तर वाहक. सोपं वाटतं. पण मुलाला महिन्याभरापूर्वी रक्त चढवलं असेल तर? दात्याचं 'ए' आलेखात दिसतं आणि आजारी पोरगा 'वाहक' ठरू शकतो. मग त्याचं हायड्रॉक्सीयुरिया सुरूच होत नाही. मशीन आकडे बरोबर देतं; 'रक्त कधी चढवलं होतं?' हे आईला माणसानेच विचारायचं असतं.

१ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य आहे. इतके रिपोर्ट वाचणारे हात कुठून येणार? मला वाटतं, इथूनच. शहाद्यातून बी.एस्सी., बी.फार्म. झालेली पोरं औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला लागतात, गोळ्या तपासायला एचपीएलसीच चालवतात. कॉलम वेगळा, तत्त्व तेच. त्यांना रक्ताचा आलेख वाचायचं ट्रेनिंग तालुक्यातच मिळालं पाहिजे. मुंबई गाठायला इथून अख्खी रात्र बसमध्ये काढावी लागते.